दहा टनांचं फिरतं घर ओढायला कोणता ट्रक घ्यावा?

अमेरिकेत निवृत्त झाल्यावर राहतं घर विकून कायमचं चाकांवर राहायला जाणाऱ्यांची एक जमात आहे. तिथे त्यांना ‘फुलटायमर’ म्हणतात. यांतल्या बऱ्याच जणांची पसंती फिफ्थ व्हील ट्रेलरला असते. हा ट्रेलर मागच्या बंपरला अडकवत नाहीत. त्याचं नाक पुढे आलेलं असतं आणि त्या नाकाखाली दोन इंच जाडीचा पोलादी खुंट असतो, तो किंगपिन. ट्रकच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या डोक्यावर बसवलेल्या हिचच्या जबड्यात हा किंगपिन जाऊन बसतो. बंदरातले कंटेनरचे ट्रेलर जोडतात तीच पद्धत. त्यामुळे ट्रेलरचं चांगलं पाचवा हिस्सा वजन थेट ट्रकच्या पाठीवर येतं आणि गाडी मागे शेपटासारखी डोलत नाही.

साधे फिफ्थ व्हील बारा-चौदा हजार पौंडांचे असतात आणि पिकअप ते आरामात ओढते. पण डीआरव्ही मोबाइल स्वीट्स, न्यू होरायझन्स, स्पेसक्राफ्ट अशा कंपन्यांचे ट्रेलर म्हणजे अक्षरशः फ्लॅट. चाळीस फुटांवर लांबी, बाजूने सरकून बाहेर येणाऱ्या चार-पाच खोल्या, वॉशिंग मशीन, मोठा फ्रीज, किंग साइज पलंग. सामान भरलं, पाण्याची टाकी भरली, की हे प्रकरण २०,००० पौंडांच्या वर जातं. २२,००० पौंड म्हणजे जवळजवळ दहा टन. मग प्रश्न येतो: यासाठी दणकट पिकअप पुरेल, की हायवेवर माल ओढणारा सेमी ट्रकच, म्हणजे आपल्याकडचे ट्रेलरवाले ज्याला ‘घोडा’ म्हणतात तो, घ्यावा?

पिकअपची जाहिरात बघितली तर हा प्रश्न पडायलाच नको. फोर्डची एफ-४५० योग्य हिच लावली तर ४०,००० पौंड ओढते, रॅम ३५०० ही ३५,००० च्या वर ओढते, असं कंपन्याच सांगतात. आकडे खोटे नाहीत, ठरलेल्या चाचणीतून आलेले आहेत. फक्त आपल्या कामाचा आकडा तो नाही. ट्रक किती ओढेल यापेक्षा पाठीवर किती घेईल, हे फिफ्थ व्हीलच्या बाबतीत आधी संपतं.

हिशोब सोपा आहे, कागदावर करून बघा. मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेल्या या मोठ्या पिकअपचं भरलेलं कमाल वजन साधारणपणे १४,००० पौंड ठरवलेलं असतं. ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. चार दारांची, चारही चाकांना ताकद जाणारी डिझेल गाडी टाकी भरून रिकामीच ८,८०० च्या आसपास भरते. उरले ५,२००. आता २२,००० पौंडांचा ट्रेलर घेतला आणि पिनवर २२ टक्के वजन धरलं, तर झाले ४,८४०. हिच स्वतः अडीचशे पौंडांची. नवरा-बायको साडेतीनशे. कुत्रा, हत्यारांची पेटी, ज्यादा डिझेलची टाकी घेतली असेल तर ती. बेरीज मर्यादेच्या वर गेलीसुद्धा, आणि ओढण्याची मर्यादा मात्र अजून निम्मी शिल्लक दिसते. शोरूममधला विक्रेता ओढण्याचाच आकडा सांगतो, कारण तो मोठा आहे.

पिनवरचं वजन अंदाजाने धरू नये. ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं पिनचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, आणि सामान ठेवायची मोठी कप्पेजागा बहुतेक वेळा पुढच्या नाकाखालीच असते. म्हणजे खुर्च्या, बॅटऱ्या, पाण्याचे पाइप, सगळं जाऊन पिनवरच बसतं. खरा आकडा वजनकाट्यावर कळतो. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’ नावाचे काटे असतात. त्यांचे वेगवेगळे तुकडे असतात, त्यामुळे पुढचं एक्सल, मागचं एक्सल आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन स्वतंत्र मिळतं. एकदा ट्रेलर जोडून वजन करायचं, मग ट्रेलर बाजूला उभा करून नुसता ट्रक परत काट्यावर घ्यायचा. ट्रकच्या दोन्ही एक्सलांची बेरीज पहिल्या वेळी जेवढी जास्त, तेवढं पिनवरचं वजन. ट्रक घ्यायच्या आधी, निदान मित्राचा ट्रक मागून, हे एवढं करावंच. या निर्णयातला सगळ्यात स्वस्त भाग हाच आहे.

आता ताकदीबद्दल. लोकांना वाटतं सेमीचं इंजिन म्हणजे राक्षस, पिकअपचं त्यापुढे काहीच नाही. प्रत्यक्षात फोर्डचं ६.७ लिटरचं वरच्या श्रेणीचं डिझेल ५०० अश्वशक्तीचं आहे आणि रस्त्यावरचे कितीतरी सेमी ४०० ते ५०० मध्येच चालतात. फरक कुठे आहे? व्होल्वोचं डी-१३ हे इंजिन १२.८ लिटरचं आहे, कमिन्सचं मोठं इंजिन १५ लिटरचं. ही इंजिनं तीच ताकद मिनिटाला बाराशे-चौदाशे फेऱ्यांवर, दिवसभर, न तापता देतात. ८०,००० पौंडांचं एकूण ओझं घेऊन दहा लाख मैल जायचं या हिशोबाने ती बांधलेली असतात. त्यांना आपलं घर म्हणजे अर्धा भरलेला ट्रेलर.

आणि खरा फरक तर चढावर नाही, उतारावर कळतो. डेन्व्हरच्या पश्चिमेला इंटरस्टेट ७० आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, अकरा हजार फुटांच्या वर. बोगद्यातून पश्चिमेकडे बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांपर्यंतचा सलग उतार आहे. खंडाळ्याचा घाट भरलेला ट्रक घेऊन उतरलेल्या माणसाला यात नवं काही सांगायला नको: खालचा गिअर आधीच टाकायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, नाहीतर लायनर तापतात आणि ऐनवेळी पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. पिकअपलाही एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून वेग आवरणारा ब्रेक, असतो आणि अलीकडचे बरेच चांगले आहेत. पण सेमीचा इंजिन ब्रेक, ज्याला सगळे ‘जेक’ म्हणतात, वेगळ्याच जातीचा. तो सिलिंडरमध्ये दाबलेली हवा स्फोट न करताच बाहेर सोडून देतो, म्हणजे इंजिनच गाडीला मागे खेचू लागतं. तेरा लिटरचा हवेचा पंप मागे खेचतोय म्हटल्यावर ब्रेकला हातही लावावा लागत नाही. शिवाय वजनाचं गुणोत्तर बघा. नऊ हजार पौंडांच्या पिकअपला बावीस हजार पौंड मागून ढकलतात. सेमी स्वतःच सोळा-अठरा हजार पौंडांचा. ओल्या रस्त्यावर वळणात कुणी कुणाला ढकलायचं, हे त्यातून ठरतं.

म्हणून माझं मत: ट्रेलर भरल्यावर २०,००० च्या खाली राहत असेल तर पिकअपमध्येच सुखी राहावं. २२,००० च्या वर असेल आणि वर्षातून बऱ्याच वेळा डोंगर ओलांडायचे असतील, तर सेमीचा विचार गंभीरपणे करावा.

सेमी घ्यायचा म्हणजे नवा घेत नाहीत. माल वाहणाऱ्या मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी, पाचेक लाख मैल झाल्यावर ट्रक विकायला काढतात, आणि वरच्या श्रेणीची नवी एफ-४५० आज एक लाख डॉलरच्या पुढे जाते. त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत चांगला वापरलेला सेमी मिळतो. पण तो ‘मिळतो’ म्हणजे नुसता घोडा मिळतो. मागे हौदा बांधणं, सामानाच्या पेट्या, हिच, वायरिंग, रंग यांत आणखी हजारो डॉलर जातात. हे धरलं नाही तर स्वस्ताई कागदावरच राहते.

घर ओढणाऱ्यांमध्ये व्होल्वो व्हीएनएल फार दिसते, ६७० किंवा ७८० स्लीपरची, म्हणजे सीटमागे झोपायची खोली असलेली. कारण सरळ आहे: केबिन शांत, वळणं घट्ट, आणि आय-शिफ्ट हा बारा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स. क्लचचं पेडलच नाही, म्हणून बायकोने किंवा नवऱ्याने, दोघांपैकी कुणीही चालवावी. जुन्या ईटन फुलरच्या दहा, तेरा, अठरा गिअरच्या पेट्या अजरामर आहेत, पण त्यांत गिअर जुळवून घ्यायला आतून मदत नसते. दोनदा क्लच दाबून किंवा फेऱ्यांचा अंदाज घेऊन टाकावे लागतात. पासष्टाव्या वर्षी हे शिकायची हौस असेल तर घ्या.

साल मात्र नीट बघावं. अमेरिकेच्या धूरविषयक नियमांमुळे ट्रकच्या इंजिनांचे टप्पे पडले आहेत. २००७ च्या नियमानंतर काजळी अडवणारा फिल्टर आला, २०१० नंतर युरियाचं द्रावण फवारून धूर स्वच्छ करायची पद्धत आली. फिल्टरमध्ये साठलेली काजळी गाडी लांब पल्ल्यावर तापून चालली की आपोआप जळते. फुलटायमरचा ट्रक दोन-दोन महिने उभा राहतो आणि मग चारशे मैल जातो. यात फिल्टर आणि सेन्सर कुरकुरतात. म्हणून काही जण मुद्दाम २००७ च्या नियमाआधीचा ट्रक शोधतात. इंटरनॅशनल कंपनीने २०१० चे नियम युरियाशिवाय पाळायचा प्रयत्न केला, तो फसला आणि २०१२ मध्ये तिने तो मार्ग सोडला. त्या मधल्या काळातलं मॅक्सफोर्स इंजिन स्वस्तात समोर आलं तर स्वस्त का आहे ते लक्षात ठेवा. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया आहे. तिथे १४,००० पौंडांवरच्या बहुतेक डिझेल ट्रकांना २०२३ पासून २०१० किंवा नंतरचंच इंजिन लागतं. खासगी मोटरहोमला, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या फिरत्या घराला, सवलत आहे, म्हणजे तुमच्या कागदावर ट्रक काय म्हणून नोंदला आहे यावर बरंच काही अवलंबून. नोंदणीकडे पुढे येतोच.

मागे एक चालतं एक्सल ठेवायचं की दोन, यावर या मंडळींत चहाच्या दोन फेऱ्या सहज जातात. माल वाहायला दोन लागतात. घराला एक पुरतं. म्हणून बरेच जण एक एक्सल काढून टाकतात. चार टायर वाचतात, वळण घट्ट होतं, टोलनाक्यावर एक्सल मोजून पैसे घेतात तिथे फायदा. दोन ठेवणारे म्हणतात की लांब गाडी मऊ चालते आणि हौद्यावर जागा मिळते. कशाला हवी जागा? तर छोटी गाडी चढवायला. सेमी घेऊन भाजी आणायला जाता येत नाही, म्हणून केबिन आणि हिचच्या मध्ये स्मार्ट फॉरटू आडवी चढवायची फॅशन आहे. गंमत अशी की पहिली स्मार्ट अडीच मीटर लांब होती, अमेरिकेत २००८ पासून विकली गेलेली २.६९ मीटर. रस्त्यावरची कायदेशीर रुंदी साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर. दोन्हीकडून दोन-दोन इंच बाहेर! यावर या मंडळींत जेवढा काथ्याकूट झाला आहे तेवढा घटनादुरुस्तीवर होत नसेल. आता तर स्मार्ट कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेतली विक्रीच बंद केली.

सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते जोडणीकडे, आणि घर मोडतं ते तिथेच. सेमीवर मालाचा ट्रेलर टेकायला मूळची जी थाळी असते तिच्यावर आरव्हीचा, म्हणजे आपल्या फिरत्या घराचा, किंगपिन तसाच टाकायचा मोह होतो, कारण खुंट दोन इंचाचाच आहे, बसतो. पण मालाच्या ट्रेलरचं पोट सपाट पोलादी असतं आणि ते थाळीवर पूर्ण टेकतं. आरव्हीची पिन एका अरुंद पेटीखाली असते. त्यात सेमीचं मागचं सस्पेन्शन तीस हजार पौंड धरून बनवलेलं. पाच हजार पौंडांना ते दबतच नाही, रस्त्यातला प्रत्येक खड्डा जसाच्या तसा पिनमधून ट्रेलरच्या सांगाड्यात जातो. काही हजार मैलांनी पिनच्या पेटीजवळच्या वेल्डिंगला केसासारखी भेग दिसते, मग नाकाजवळची भिंत फुगते. उपाय म्हणजे हवेच्या फुग्यांवर तरंगणारी स्वतंत्र हिच. महाग आहे, घ्यावीच. उंचीही मोजून बसवावी. पिन उंच गेली तर ट्रेलर मागे झुकतो आणि त्याच्या मागच्या एक्सलवर जास्त ओझं पडतं.

मग ब्रेक. सेमीला हवेचे ब्रेक, आरव्हीच्या ट्रेलरला विजेवर चालणारे किंवा विजेने हुकूम घेणारे हायड्रॉलिक. सेमीच्या डॅशबोर्डवर दोन मोठी बटणं असतात: पिवळं चौकोनी, कोपऱ्यावर उभं, ते पार्किंगचं, आणि लाल अष्टकोनी, ते मागच्या ट्रेलरला हवा देण्याचं. घर जोडल्यावर लाल बटण निरुपयोगी, कारण मागे हवेची नळीच नाही. त्याऐवजी हवेचा दाब मोजून तितकीच वीज मागे पाठवणारा कंट्रोलर बसवावा लागतो. पाय हळू दाबला तर ट्रेलरही हळू थांबला पाहिजे. ब्रेक लाइट लागला की ठरलेल्या वेळाने पूर्ण जोर लावणारे साधे कंट्रोलर दहा टनांच्या घराला नकोत.

दिव्यांचीही तीच कथा. सेमीच्या प्लगमध्ये ब्रेकची तार वेगळी आणि डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या तारा वेगळ्या. आरव्हीत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर. दोन्ही प्लग सात पिनांचे, म्हणून लोकांना वाटतं अडॅप्टर लावला की झालं. मध्ये रूपांतर करणारी पेटी लागते, नाहीतर मागच्याला तुम्ही थांबताय की वळताय ते कळत नाही. निदान व्होल्टचा घोळ नाही, तिथले सेमीही १२ व्होल्टचेच.

आता कागदपत्रं. व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीडीएल, स्वतःचं घर ओढायला बहुतेक ठिकाणी लागत नाही. पण लायसन्स साधंही चालत नाही, असं राज्याराज्यात आहे. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलसाठी अव्यावसायिक क्लास ए लागतं, लेखी आणि चालवण्याची परीक्षा देऊन. टेक्ससमध्ये ट्रक-ट्रेलर मिळून ठरवलेलं कमाल वजन २६,००० च्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर तसंच. हे लायसन्स तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी तिथलं लागतं.

नोंदणीत बरेच जण सेमीला ‘मोटरहोम’ करून घेतात. स्लीपरमध्ये पलंग असतोच. स्वयंपाकाची सोय, फ्रीज, शौचालय, पिण्याचं पाणी, बाहेरून वीज घ्यायची जोडणी यांतल्या ठरावीक गोष्टी बसवल्या की काही राज्यं तसं लिहून देतात. मग तो व्यापारी ट्रक राहत नाही आणि विमाही सोपा होतो. आधी विमा कंपनीला विचारा आणि मगच ट्रक घ्या, उलट क्रमाने केलेल्यांचे हाल ऐकवत नाहीत.

लांबीची मर्यादा वेगळीच. कॅलिफोर्नियात ट्रक आणि ट्रेलर मिळून ६५ फूट. चाळीस फुटांचा ट्रेलर आणि मोठ्या स्लीपरचा सेमी जोडला की ती हां हां म्हणता ओलांडली जाते. म्हणून ट्रक बघायला जाताना टेप घेऊन जा आणि बंपरपासून हिचपर्यंत स्वतः मोजा. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना दुसरी गोष्ट माहीत असेल: न्यूयॉर्क आणि कनेटिकटमधल्या जुन्या पार्कवे रस्त्यांचे पूल इतके ठेंगणे आहेत की ट्रेलरला तिथे बंदीच आहे. फोनवरचा साधा नकाशा बिनदिक्कत तिकडे वळवतो. साडेतेरा फूट उंचीच्या घरासाठी ट्रकवाल्यांचा, उंची भरून घेणारा जीपीएसच हवा.

रोजच्या वापराचं थोडक्यात. तेल बदलायला चाळीसेक लिटर लागतं. आरव्ही दुरुस्त करणारा ट्रकला हात लावत नाही, ट्रक दुरुस्त करणाऱ्याच्या आवारात तुमचं घर घेऊन उभं राहायला जागा नसते. काही कॅम्पग्राउंड सेमी दिसला की जागा नाही म्हणतात, फोनवर आधीच सांगितलेलं बरं. डिझेल मात्र वाटतं तितकं जास्त खात नाही, ओझं जोडलेल्या पिकअपच्या जवळपासच.

मधला रस्ताही आहे. एफ-५५० किंवा रॅम ५५०० यांची भरलेल्या वजनाची मर्यादा १९,५०० पौंडांपर्यंत जाते, म्हणजे पिनचा प्रश्न सुटतो, आणि गाडी घरासमोर उभी राहते. फ्रेटलायनर एम२ या मध्यम आकाराच्या ट्रकवर हौदा बांधून मिळतो, हवेच्या ब्रेकसह. उतारावरची ताकद सेमीएवढी नाही, पण पिकअपपेक्षा बरी.

आणि हिवाळा टेक्ससमध्ये, उन्हाळा मिशिगनमध्ये, मधे कुठेच नाही, असं ज्यांचं वर्ष असतं त्यांनी ट्रकच घेऊ नये असं मला वाटतं. पैसे घेऊन ट्रेलर पोचवणारे व्यावसायिक ड्रायव्हर तिथे सर्रास मिळतात. वर्षातून दोनदा त्यांना घर सोपवायचं आणि आपण मागून साध्या मोटारीने जायचं. विमा, चाळीस लिटर तेल आणि बारा महिने उभा असलेला ट्रक यांच्या खर्चाशी ताडून पाहिलं, तर हेच बहुतेकांना परवडतं.